बारीक धारेचे नळ

अँटॉप हिल,
१२ नोव्हेंबर २०१५

आये,

पाया पडते. इकडे सगळी बरी आहेत. तू पाठवलेले सुके बोंबील पोचले, यांनी दोन दिवसांत फस्त केले. तुझा खांदा कसा आहे? फोनवर तू "बरंय गं" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिते. लहूदादाला वाचायला देऊ नको, अक्षरं जुळवून जुळवून तूच वाच.

नव्या बाजाराचं गाऱ्हाणं कळलं. नळाला करंगळीएवढी धार, खवलं धुवून निघत नाहीत, ओट्याला वास बसलाय, गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जातं. आणि बायका तुलाच बोलतात, कारण "माझी पोर बांधतेय बाजार, चला" म्हणत सगळ्यांना जुन्या जागेवरून तूच उठवलंस.

आमच्या पालिकेच्या बांधकाम खात्यात आता नवी इमारत बांधायची तर हरित इमारतीचा दाखला लागतो. वीज वाचवा, पाणी वाचवा, त्याचे गुण मिळतात. पाण्याचे गुण आम्ही त्या बारीक धारेच्या नळांवर मिळवले. नियम वाईट नाही गं. पण पापलेट कसं धुतात ते नियमाला काय ठाऊक! ते माणसानं सांगायचं असतं.

बाजार आखताना मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं होतं, "एका ओट्याला पाणी किती लागतं, कुणाला कल्पना आहे?" मला नसेल? संपात बाबांची गिरणी सुटली, तू पाटी डोक्यावर घेतलीस, पुढं शाळेआधी ओटा मीच धूत होते. पण बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत? तू मासळी विकतेस हे मी ऑफिसात कधी सांगितलंच नाही. साहेबांनी साध्या कचेरीला लागतं तेवढंच पाणी धरलं.

परवा तू बायकांना घेऊन ऑफिसात आलीस. मी साहेबांच्या शेजारीच बसलेले. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "म्याडम, तुमीच कायतरी करा." मला सांभाळून घेतलंस, बायकांनाही आधीच दटावून आणलं असणार. आणि मी मेलीनं नुसती मान डोलावली! लाज वाटते गं आये.

येत्या गुरुवारी दाखला देणारी माणसं बाजार बघायला येतील. साहेब म्हणाले, बाजाराबद्दल चांगलं बोलणारी एक बाई तयार ठेवा. मी तुझंच नाव दिलंय. तू असेल तसं खरं बोल. माझ्या नोकरीकडं बघून जीभ आवरू नको. मी तुझ्या ओट्यामागं उभी राहणार आहे, साहेबांना काय वाटायचं ते वाटो. तेव्हा सगळ्यांदेखत मला "दमे" म्हणून हाक मार. नाही मारलीस तरी मी तिथंच उभी असेन.

काशीबाई म्हावरंवालीची मुलगी,
दमयंती