डाव्या कानातले घुंगरू

मुलुंड (पूर्व),
२ जुलै

अखिल-बोरिवली-मंडल-भूषणा, सप्तममजलानिवासिनी, इयत्ता-सातवी-'ब'-त्रासदायिनी, उत्तरपत्रिका-रक्तरंजन-निपुणा, परकीय-डबा-संग्रह-धुरंधरा, सौभाग्यवती मृणालिनीदेवी यांच्या चरणी नव्हे, कारण मी चार वर्षांनी ज्येष्ठ आहे, तर मस्तकी, ध्वनिसंयोजन-मार्तंड, जाहिरातगीत-भास्कर, स्वघोषित पंडित विद्याधर याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. एक तारखेपासून मी दूरध्वनीचा सविधी त्याग केला आहे. मनुष्याने मनुष्याशी हस्ताक्षरात बोलावे, असा साक्षात्कार मला मुलुंडच्या भाजीबाजारात झाला. तुझी वहिनी जानकी म्हणाली की साक्षात्काराबरोबर कोथिंबीरही आणायची होती. असो.

तुझ्या कन्येचे, म्हणजे माझ्या भाचीचे, पहिले गाणे आता अलंकरणाच्या टप्प्यावर आहे. निधीचा कंठ मुद्रित झाला, वाद्ये बसली. उरली ती कर्णशर्करा. आमच्या धंद्यातील पोरे तिला 'इअर कँडी' म्हणतात. बारसे मी केले. मुख्य गाण्याशी काडीचा संबंध नसलेले, एकदाच येऊन जाणारे बारीक आवाज: उजव्या कानात पाण्याचा थेंब, डाव्या कानात एकच घुंगरू. ते ऐकल्याचे श्रोत्याला कळू नये, पण काढून घेतले तर घरात काहीतरी हरवल्यासारखे वाटावे. त्यानंतर सांधे. ध्रुवपद संपून अंतरा लागतो, त्या फटीत मी उलटी वाजवलेली झांज घालतो. ती शून्यातून फुगत येते आणि अंतऱ्याच्या पहिल्या अक्षरापाशी अदृश्य होते. या विद्येवर मी तीस वर्षे उदरनिर्वाह केला आहे.

दोन विघ्ने मात्र आहेत. नव्या हेडफोनची डावी बाजू आठवड्यातच मंद झाली. दुकानदाराने तपासून वस्तू निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. त्याच्या सात पिढ्यांविषयी मी मनात काही श्लोक रचले आणि डावीकडचे घुंगरू थोडे वर चढवून काम भागवले. दुसरे असे की, दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या सांध्यात एक बारीक शिट्टी ऐकू येते. मी ती घातलेली नाही. निधीकडे प्रत पाठवली आहे. तुला ती शिट्टी ऐकू येते का, एवढे निश्चित कळव. गाणे गुरुपौर्णिमेला प्रसिद्ध व्हायचे आहे, तेव्हा विलंब नको.

मेथीच्या लाडवांचा उभा डबा परत पाठव. झाकणासह.

ममत्व आटू देऊ नये.

तुझा,
विद्याधर

*

बोरिवली (पश्चिम),
६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा वाटलं, सोसायटीच्या वकिलाची नोटीस आली. उघडलं तर तू. पहिला परिच्छेद वाचून होईपर्यंत माझी पोळी करपली. आणि मी सातवी नाही, दोन वर्षं झाली, आठवी 'अ' शिकवते. ज्येष्ठांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

गाणं मी तीनदा ऐकलं. माझ्या इअरफोनवर, निधीच्या हेडफोनवर आणि स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर. दादा, शिट्टी कुठेच नाही. निधीलाही ऐकू आली नाही.

पण दुसरंच काहीतरी आहे आणि ते कसं लिहावं हे मला कळत नाही. तुझं ते घुंगरू. थोडं वर चढवलंस म्हणतोस? डाव्या कानात कुणीतरी स्टीलचा पेला आपटल्यासारखं वाजतं. मी अक्षरशः इअरफोन ओढून काढला. झांज येते तीही सगळी डावीकडूनच अंगावर येते आणि निधीचा पहिला शब्द तिच्याखाली चिरडतो. पोरगी दोन दिवस तेवढाच भाग लावून ऐकतेय. काल शेवटी म्हणाली की मामाला माझा आवाज आवडला नसेल तर त्याने तसं सांगावं, असा झाकून टाकू नये. तुला ती हे सांगणार नाही. रागाने नाही, धाकाने.

तिने आणखी एक सांगितलं. रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी तिने तुला विचारलं की दुसरा अंतरा पुन्हा गाऊ का, तर तू छान हसलास आणि म्हणालास की चालेल, पण साखर कमी. तिला वाटलं मामा गंमत करतोय.

वहिनीशी फोनवर बोलले. ती म्हणाली की जेवायच्या टेबलावर तू जागा बदललीस. डावा खांदा भिंतीला लावून बसतोस. कारण विचारलं तर म्हणालास, खिडकीतून ऊन येतं. दादा, जुलै महिना आहे. आणि खिडकी त्या बाजूला नाहीच.

तसं हसणं मी आधी एका माणसाचं पाहिलंय. कोणाचं ते लिहीत नाही. तूच फोन उचल आणि मला वेड्यात काढ.

डबा धुऊन ठेवलाय. झाकण शोधते.

बहिणीवरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
मृणाल

*

मुलुंड (पूर्व),
९ जुलै

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज पदव्या नाहीत. भांडार रिते आहे.

तुझे पत्र काल दुपारी आले. जानकी बँकेत होती. मी खोलीचे दार लावले आणि त्या शिट्टीचा शोध आरंभला. गाण्यात त्रेचाळीस पट्ट्या आहेत, एकेका आवाजाची एकेक. एकेक बंद करीत गेलो. प्रथम तबला, मग बासरी, थेंब, झांज, घुंगरू, सर्वांत शेवटी निधीचा आवाज. त्रेचाळीसही बंद झाल्या. शिट्टी होती. संगणक बंद केला. होती. पंखा बंद केला, भिंतीवरचे मुख्य बटण पाडले, हेडफोन काढून पलंगावर ठेवले. होती, मृणाल. ती गाण्यात नव्हतीच.

त्यानंतर मी जे केले, ते कोणत्याही शिकाऊ मुलाने पहिल्या दिवशी केले असते. हेडफोन उलटे घातले. डावी वाटी उजव्या कानावर. ते घुंगरू असे कोसळले की डोळ्यांत पाणी आले. दुकानदार खरे बोलत होता. त्याच्या सात पिढ्यांची मी मनोमन क्षमा मागितली. मंद झाली होती ती डावी बाजू, पण हेडफोनची नव्हे.

अठ्ठावीस जूनला सकाळी उठलो तेव्हा डाव्या कानात पोहून आल्यावर पाणी अडकते तसे झाले होते. मळ असेल म्हणून लसणीचे कोमट तेल घातले. दहा दिवस घातले. जानकीला सांगितले की स्वर उघडण्याचा प्राचीन उपाय आहे. फोन बहुधा डाव्या कानाला लावतो. तिथे समोरच्याचे शब्द पाण्याखालून आल्यासारखे येऊ लागले, आणि उजव्या कानाला लावला की जानकी विचारणार, आज बाजू का बदलली. म्हणून तो साक्षात्कार. तीस वर्षे यंत्रांवर संशय घेण्याची सवय आहे. आवाज कमी आला की मी तार तपासतो. स्वतःला तपासण्याची पद्धत आमच्या धंद्यात नाही.

भीती कशी निर्माण करावी, हे मी तुला शास्त्रोक्त सांगू शकतो. उलटी झांज घ्यावी, नेहमीपेक्षा दुप्पट लांबवावी आणि जिथे श्रोता पहिल्या अक्षराची वाट पाहतो तिथे ते येऊच देऊ नये. दहा-बारा दिवस माझ्या कानात ती फुगते आहे. अक्षर येत नाही.

मला ते बाबांचे हसणे आठवते. तुलाही तेच आठवले, हे कळले मला.

जानकीला आणि निधीला काही सांगू नकोस. मुलीचे पहिले गाणे आहे. एका कानाच्या माणसाने ते सजवले, असे तिला वाटता कामा नये. गुरुपौर्णिमा पार पडली की बावीस तारखेला मी स्वतः डॉक्टरकडे जाईन. तेवढे बारा दिवस मला दे.

माया असू द्यावी.

विद्याधर

*

बोरिवली,
११ जुलै

दादा,

नमस्कार वगैरे राहू दे.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. निधी ते घेऊन तुझ्या दारात उभी आहे आणि तू वाचून होईपर्यंत ती तिथून हलणार नाही. तिला मी सगळं सांगितलंय. वहिनीलाही. तू माग हवे तितके दिवस, हे बारा मी देत नाही.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. ते घेऊन मी थेट इथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. रांगेत नंबरही लावला नाही, भांडून आत शिरले. त्यांनी तारीख विचारली. अठ्ठावीस जून म्हटल्यावर त्या बोटांवर दिवस मोजायला लागल्या. त्या म्हणाल्या की कान असा अचानक गेला तर तो दुखण्यातला तातडीचा प्रकार असतो. औषध जितकं लवकर तितकी आशा, आणि दोन आठवड्यांनंतर आशा झपाट्याने कमी होत जाते. आज तेरा दिवस झाले, दादा. पोस्टाने तुझ्याशी गप्पा मारण्यात मी त्यातले पाच घालवले. मी हसत होते. पोळी करपली म्हणून लिहीत होते.

तेल आजपासून बंद. एक थेंबही नाही.

बाबांचं तू काढलंस म्हणून लिहिते. गिरणीतल्या मागांनी त्यांचा कान नेला तेव्हा ते तुझ्याच वयाचे होते. शाळेच्या गॅदरिंगला मी कविता म्हणत होते आणि माझे ओठ क्षणभर थांबले म्हणून त्यांनी मध्येच टाळ्या वाजवल्या, आठवतं? अर्धी कविता राहिली होती. आणि आपण सगळ्यांनी काय केलं? त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवल्या. आईने, तू, सगळ्यांनी. मी नमस्कार करून खाली उतरले. पुढे वीस वर्षं घरातला प्रत्येक जण त्यांच्या उजवीकडे बसत राहिला आणि एकानेही त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही. आपल्याला तो त्यांचा मान वाटायचा.

मी यावेळी टाळी वाजवणार नाही.

मुलुंडमध्येच साडेपाचची वेळ घेतली आहे. पत्ता निधीकडे आहे. खाली रिक्षा थांबवलीय. शर्ट बदलत बसू नकोस.

मला खूप भीती वाटतेय, म्हणून अक्षर असं आलंय.

मृणाल

*

मुलुंड (पूर्व),
४ ऑगस्ट

बोरिवली-रणरागिणी, वैद्यकक्ष-द्वारभंजिनी, प्रतीक्षा-पंक्ति-उल्लंघन-पटू, इयत्ता-आठवी-'अ'-(दुरुस्ती नोंदवली आहे)-शासिका चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पदव्या परतल्या यावरून प्रकृतीचा अंदाज येईल. परंतु पूर्ण अंदाज येऊ नये म्हणून खरे लिहितो.

गोळ्या संपल्या. कानाच्या पडद्याआड सुई टोचण्याचे तीन प्रयोग झाले. त्या वेळी मी संस्कृतात नव्हे, शुद्ध मालवणीत उद्गार काढले आणि डॉक्टरही कणकवलीचे निघाले. काल पुन्हा तपासणी केली. काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचे असते. खालचे सूर बरेचसे परतले आहेत. माणसांचे बोलणे आता पाण्याखालून येत नाही. वरचे सूर, जिथे घुंगरू राहते, ते डावीकडे परतलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले की आणखी काही आठवडे पाहू, पण मी त्यांवर विसंबू नये. शिट्टी आहेच.

मधल्या त्या एमआरआयविषयी तुला लिहिले नव्हते. कानाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहायचे होते. नळकांड्यात निजवले, कानांत बोळे घातले आणि यंत्र सुरू झाले. मृणाल, तो हुबेहूब मागांचा खडखडाट होता. लहानपणी बाबांचा डबा द्यायला गिरणीच्या दारापर्यंत जायचो, तेव्हा भिंतीतून यायचा तोच. हलायचे नव्हते. मी पन्नाशी ओलांडलेला मनुष्य त्या नळकांड्यात निजून बाबांना विचारीत होतो की तुम्हाला रोज किती भीती वाटत होती. ते नेहमीसारखे हसले असावेत. अहवाल यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांचे वर्णन करण्याइतके संस्कृत मला येत नाही. गाठ नाही.

निधीचे गाणे गुरुपौर्णिमेला निघाले नाही, हे तू जाणतेस. तिनेच थांबवले. रोज पवईहून कॉलेज आटोपून येते आणि माझ्या डावीकडे बसते. मुद्दाम डावीकडे. मी पट्टीवर बोट ठेवून सांगतो की घुंगरू इथे. किती, ते ती ठरवते. पहिल्या दिवशी तिने ते इतके खाली नेले की मला काहीच ऐकू येईना. मी हसू लागलो, तेच ते हसणे, आणि तिने माझ्याकडे पाहून विचारले की मामा, तुला ऐकू आले का? तीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, नाही. जगबुडी झाली नाही. ती म्हणाली की मला आले, छान आहे. मग आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या अंतऱ्याआधीची झांज मी काढून टाकली. तिथे आता काहीही नाही. अर्धी मात्रा निव्वळ शांतता, मग निधीचा शब्द. ऐकणारे म्हणतात की तेवढ्यात काळजाचा ठोका चुकतो. त्या अर्ध्या मात्रेत मला माझी शिट्टी ऐकू येते आणि लगेच अक्षर येते. गाणे परवा प्रसिद्ध होईल.

भीती गेली असे समजू नकोस. उजवा कान रोज सकाळी चुटकी वाजवून तपासतो. जानकी पलीकडच्या खोलीतून विचारते की आहे का. मी ओरडतो, आहे.

आता मूळ विषय. तू निधीबरोबर डबा पाठवलास, पण त्यावरचे झाकण आमचे नव्हे. ते एका बाजूला अडकते आणि दुसऱ्या बाजूला उघडे राहते. डबा फ्रिजवर ठेवला आहे. फ्रिज सुरू झाला की झाकण थरथरते आणि त्याचा खालच्या सुरातला खडखड आवाज माझ्या डाव्या कानापर्यंत पोहोचतो. मागच्या महिन्यात असा आवाज पोहोचला नसता, म्हणून दोन दिवस मी ते तसेच ठेवले. परंतु लाडू मऊ पडू लागले आहेत. आमच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आईचे नाव कोरलेले आहे. याच्यावर कोण्या 'सौ. प्रभावती' आहेत. या प्रभावतीबाई कोण, आणि आमचे झाकण त्यांच्याकडे गेलेच कसे?

स्नेह पूर्ववत ठेवावा, झाकणही.

तुझा,
विद्याधर