चंद्रभागाबाईंची बाजू

मी, दीक्षा ज्ञानदेव रणपिसे, वय ६९, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार पोटाचा आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. ते आजवर कोणाला जमलेलेही नाही.

१. कर्वेनगरचा फ्लॅट आणि बँकेतील ठेवी माझा एकुलता एक मुलगा सलिल यास मिळाव्यात. दागिने सून कल्याणीस. अंमलबजावणी तिनेच करावी, ती विसरत नाही.

२. माझे दीर रावसाहेब, राहणार कसबा पेठ, यांस खोबरेल तेलाची एक बाटली द्यावी. कारण त्यांना ठाऊक आहे. इतरांसाठी खाली देत आहे.

३. ग्रामोफोन, सुयांची डबी, मऊ ब्रश आणि लाखेची एक रेकॉर्ड.

माझे वडील सीताराम आंबेडकरी जलशात गात. १९५६च्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका कंपनीने त्यांचे गाणे घेतले आणि दुसऱ्या बाजूला माझी आई चंद्रभागा गायली. तेव्हा मी पोटात होते. ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच महिन्यात मी जन्मले, म्हणून हे नाव. मी बसायला लागण्याआधीच आई गेली. तिचा फोटो नाही. गाणे संपल्यावर तिने कोणाला तरी "झालं का?" असे विचारले, तेवढे चुकून रेकॉर्डमध्ये राहून गेले. आई बोलायची कशी, हे मला तेवढ्यावरूनच माहीत. लहानपणी मी सुई शेवटाला ठेवून तेच पुन्हा पुन्हा ऐकत असे.

रावसाहेबांनी ती ऐकायला म्हणून नेली, वर्षभर ठेवून घेतली, खोबरेल चोळून चकचकीत केली आणि करोनाच्या टाळेबंदीत पिशवीत घालून आमच्या दाराच्या कडीला अडकवून गेले. त्या दिवसांत सलिल घरात येणारी प्रत्येक वस्तू पुसत असे, दुधाच्या पिशव्यासुद्धा. मी अंघोळ करून बाहेर आले, तर तो स्पिरिट आणि कापूस घेऊन बसलेला. म्हणाला, "आई, केवढी घाण होती बघ! कापूस काळाच होतोय."

लाख स्पिरिटात विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारे ती तशीच विरघळवतात. कापसावर येत होती ती माझी आई होती. मी रेकॉर्ड हिसकावली, म्हणून वडिलांची बाजू तेवढी वाचली.

"तुझ्यासाठीच पुसलं ना गं," सलिल म्हणाला. ते खरे होते, त्यामुळे मला त्याच्यावर धड ओरडताही आले नाही. करोनातून मी वाचले. त्याला मात्र मी अजून माफ केलेले नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

४. ही रेकॉर्ड, वरच्या सामानासह, सलिललाच द्यावी. कल्याणी म्हणाली, "आई, त्याला नका देऊ. तो हात लावायलाही घाबरतो." घाबरतो म्हणूनच देत आहे.

ती धुण्याची रीत अशी. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढावी. इन्व्हर्टरला घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्यावे, गरम नको, आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाकावा. मऊ कापड ओलसर करून रेघांच्या दिशेने गोल फिरवावे, आडवे घासू नये. मधला कागद भिजू देऊ नये. रेकॉर्ड पाण्यात बुडवू नये. साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून लगेच कोरडी करावी व सावलीत उभी ठेवावी. स्पिरिट, सॅनिटायझर, खोबरेल आणि रावसाहेब यांना लांब ठेवावे.

५. माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर वडिलांची बाजू लावावी. मग सलिलने स्वतःच्या हाताने रेकॉर्ड उलटवून आईची बाजू लावावी. खरखरीशिवाय काही ऐकू येणार नाही. तरी कोणी उठू नये, मोबाईल बघू नये. सुई शेवटाला पोहोचली, की जिथे आई विचारायची तिथे सलिलने सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे, "झालं, आजी."

तो एवढे म्हणाला, की मी त्याला माफ केले असे समजावे.

सही: दीक्षा ज्ञानदेव रणपिसे

आमच्या डोळ्यांदेखत सही केली. हात थरथरत नव्हता.
साक्षीदार: १. सुशीलाबाई ओव्हाळ, शेजारी २. डॉ. सौरभ केळुसकर

पुणे, १२ नोव्हेंबर २०२५