घेत नाही

मंगळवार, ११ मार्च

वन्सं,

नमस्कार. पत्र माझं आहे हे अक्षरावरून कळलंच असेल. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाडा.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण हॉस्पिटलच्या धुलाईघरात तीस वर्षं उभी राहिल्यावर ते गप्प बसतील अशी माझी अपेक्षाच नाही. तुमचा दमा कसा आहे? फिल्मवाल्या मुलीकडून कळलं की तुम्ही अजून तीन मजले जिन्याने चढता आणि लिफ्ट दुरुस्त करा म्हणून दर महिन्याला अर्ज करता. जित्याची खोड, दुसरं काय. ऐकून मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

जुन्या तुरुंगावरचा माहितीपट रविवारी सकाळी अकराला टीव्हीवर लागणार आहे. फाशी दिलेल्यांना मागच्या आवारात पुरलं होतं, त्यांना शोधून काढण्याच्या कामावरचा. तुम्हाला कळवलं असेलच. मला मागच्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसात बसवून तो आधीच दाखवला. का, ते पुढे लिहिते.

आधी बाईंबद्दल. उत्खननाचं सगळं काम त्यांच्या हाताखाली चाललं. साठीला टेकल्यात, पण दिवसभर गुडघ्याखाली उशीची घडी घालून ओणव्या. माती खणायला लोखंडी हत्यार, पण हाड दिसायला लागलं की ते बाजूला आणि हातात बांबूची काडी, स्वतः तासलेली. लोखंडाचा ओरखडा उठला तर तो आपला की आधीचा, हे मग सांगता येत नाही म्हणे. कापड न विरता डाग काढायचा म्हणजे काय ते मी जन्मभर केलंय, वन्सं. मला हात कळतो. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या तोंडी सांगाडा हा शब्द नाही. माणूसच म्हणतात. एक मदतनीस म्हणाली, "बाई, नऊ नंबरची हाडं आज काढायची ना?" तर मान वर न करता म्हणाल्या, "काढतात तो दात. माणसाला उठवतात." मग सगळेच तसं म्हणायला लागले. नऊ नंबरला उठवलं, दहाला उद्या उठवू. जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय.

तुरुंगाच्या नोंदवहीत क्रम दिला होता, दारापासून पहिला, दुसरा असा. त्याप्रमाणे नावं लावून झाली, आणि बाईंच्या लक्षात आलं की आवाराचं दार पूर्वी समोरच्या भिंतीत होतं. बुजवलेल्या जागेच्या विटा वेगळ्या. म्हणजे पहिला तो शेवटचा. कॅमेऱ्यासमोर सरळ म्हणाल्या, "मी चुकले," आणि सतराच्या सतरा चिठ्ठ्या काढून टाकल्या. एवढ्या मोठ्या बाई, पण आढेवेढे नाहीत. माझी मान खाली गेली.

त्यात तुम्हीही आहात, वन्सं. तुमचे बासष्ट अर्ज टेबलावर रचून दाखवलेत. टाइपरायटरचा तो वर उडी मारणारा 'र' बघून मी खुर्चीतच ओळखलं. बाई म्हणतात, "या अर्जांपायी आवाराची विक्री अडली. यांनी पिच्छा सोडला असता तर आज इथे गाड्या उभ्या दिसल्या असत्या." मला इतका अभिमान वाटला की बाजूला बसलेल्याला सांगावंसं वाटलं, या आमच्या.

प्रत्येक अर्जाची पहिली ओळ एकच आहे. माझ्या भावाचा मृतदेह कुटुंबाला देण्यास आपण नकार दिलात.

खरं म्हणजे मला त्या ओळीबद्दलच लिहायचंय. तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलेय आणि गुडघ्यांबद्दल लिहितेय.

त्यांनी नकार दिला नव्हता. फाशीच्या आदल्या दिवशी आत एकालाच सोडत होते, म्हणून तुम्ही फाटकाशी थांबलात आणि मी ऑफिसात गेले. कारकुनाने छापील कागद पुढे केला. मृतदेह ताब्यात घेत आहे, घेत नाही. एक खोडून खाली सही. मी 'घेत आहे' खोडलं. बाहेर आले तर तुम्ही विचारलंत, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "देत नाहीत." ऑफिसपासून फाटकापर्यंत चाळीसेक पावलं असतील, तेवढ्यात मी 'घेत नाही'चं 'देत नाहीत' केलं.

घाबरले होते हे खरं. धुलाईघरातली नोकरी माहेरच्या नावावर नुकतीच लागली होती, खोलीच्या मालकाला काही माहीत नव्हतं. पण भीती अर्धीच. मला राग आला होता. शेवटच्या भेटीत तो तासभर बोलला. गोदामाला आग आपण लावली नाही, तो पहारेकरी आत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, वकील कच्चा निघाला, ताईचा दमा सांभाळ. मी कशी राहीन, हे एकदाही विचारलं नाही. सव्वीस वर्षांची होते मी. त्या रागात सही केली, आणि राग महिनाभरसुद्धा टिकला नाही.

तुम्ही पहिला अर्ज सहीसाठी आणलात तेव्हा मी नाही म्हटलं. तुम्ही मला दगड म्हणालात आणि बोलणं तोडलंत. दुसऱ्या खोट्याखाली सही करवेना आणि खरं तोंडातून निघेना, म्हणून गप्प राहिले ती अडतीस वर्षं. तुम्ही मात्र माझ्या थापेवर विश्वास ठेवून खऱ्यासारख्या लढलात, आणि त्यातून सतरा घरांची माणसं उठली. याला काय म्हणावं मला कळत नाही. तुमच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

तो कागद फिल्ममध्ये आहे. मुलगी म्हणाली, "काकू, सही धूसर करू का? कुणाला कळणार नाही." मी म्हटलं, "राहू दे. बाईंनी एवढी माती बाजूला केलीय, मी कशाला परत टाकू?" पण रविवारी टीव्हीवरून तुम्हाला कळावं, हे मला सोसलं नसतं.

आता मागणं. अकरा नंबरच्या माणसाच्या डाव्या खांद्याचं हाड लहानपणी मोडून जुळलंय. तो कधी पडला होता का? तीन वर्षं संसार केला, पण मला ठाऊक नाही. नोंदवहीवर भरवसा उरला नाही, त्यामुळे रक्ताच्या माणसाचा नमुना लागतो. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, दुखत नाही. आम्हाला मूल झालं नाही, म्हणजे तुमच्याशिवाय कुणी नाही. सोमवारी दहाला बाईंची माणसं तुमच्याकडे येतील. रागापोटी एकदा आपल्या घरातून त्याला नाही म्हणून झालंय. तुम्ही तसं करू नका.

त्यांना दार उघडा. मला नाही उघडलंत तरी चालेल.

तुमच्या भावाची बायको