उभ्या लिपिकाला हजर धरण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
परवाना पडताळणी विभाग,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : भगंदरावरील शस्त्रक्रियेसाठी येत्या गुरुवारपासून वैद्यकीय रजा मिळणेबाबत, व तत्पूर्वी मी रोज कार्यालयात येतो हे मान्य होणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) 'अर्जदार जागेवर आढळला नाही' असा शेरा मारून ते परत केल्याचे आपले पत्र, जे मला माझ्याच टेबलाशी, माझ्याच हातात देण्यात आले.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्या विभागात एकोणीस वर्षे पडताळणी लिपिक आहे. पाच महिन्यांपूर्वी मला गुदद्वाराशेजारी गळू झाले. ते फुटले, पण आतून कातडीपर्यंत एक बारीक वाट तयार झाली आणि ती बुजायचे नाव घेईना. यालाच भगंदर म्हणतात. अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. मला जावई नाही. परंतु माझे अर्ज अकरा टेबलांवरून फिरल्याने ती उणीव सगळ्या कार्यालयाने मिळून भरून काढली आहे.

१. मला बसता येत नाही. गेले एकेचाळीस दिवस मी कपाटाच्या कडेवर फाइल ठेवून उभ्याने काम करतो. एकही प्रकरण तुंबलेले नाही. मात्र हजेरी कारकून दिवसातून तीनदा फेरी मारतात आणि नियम असा की, जो खुर्चीत तो हजर. त्यामुळे एकेचाळीस दिवस मी गैरहजर आहे. गैरहजर माणसाने तपासलेले परवाने मात्र रोज संध्याकाळी आपल्या सहीने बाहेर पडतात.

२. येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. सहा वर्षांपूर्वी खिडकीशी उभे राहून गप्पा छाटणाऱ्यांना आळा घालण्यासाठी या खुर्चीच्या नियमाचे परिपत्रक निघाले, तेव्हा त्याचा मसुदा मीच केला होता. 'कोणत्याही सबबीवर सूट नाही' हे शब्दही माझेच. तेव्हा त्याबद्दल माझी पाठ थोपटण्यात आली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करावी?

३. मी हवेची गोल उशी आणून पाहिली. भांडार विभागाने ती यादीत नसलेले सामान म्हणून जमा करून घेतली. त्यानंतर, जी व्यक्ती उभी ती अभ्यागत, असे ठरवून मला दारावर रोज भेटीची चिठ्ठी भरावी लागते. एकोणीस वर्षे माझ्याकडून तंबाखू मागून खाणारा शिपाई मान खाली घालून विचारतो, "साहेब, कुणाला भेटायचंय?" मी स्वतःचे नाव सांगतो. संध्याकाळी चिठ्ठीवर 'व्यक्ती जागेवर नाही' असा शिक्का बसतो.

४. शल्यचिकित्सकांनी एमआरआय पाहून सांगितले की, माझी वाट मलनियंत्रणाच्या स्नायूच्या बऱ्याच भागातून जाते. ती जुन्या पद्धतीने सबंध चिरून उघडली तर बरी होईल, पण स्नायू कापला जाईल. आता दुसरे उपाय आहेत. वाटेत दोरा घालून पू वाहता ठेवता येतो. बारीक दुर्बीण घालून आतून साफ करता येते, लेझरने वाट आतून जाळता येते, किंवा दोन स्नायूंच्या मधल्या फटीत शिरून ती बांधून तोडता येते. माझ्यासाठी त्यांनी हा शेवटचा उपाय निवडला. त्यांनी काही लपवले नाही. "पुन्हा होणारच नाही असं मी लिहून देणार नाही. पण झालं तरी तुमचा स्नायू शाबूत असेल," असे ते म्हणाले.

५. हा हट्ट मी का धरतो, तेही सांगतो. माझ्या थोरल्या भावाची अशीच वाट अकरा वर्षांपूर्वी चिरली. भगंदर बरे झाले, ताबा गेला. चारचौघांत बसून तासन्‌तास हसवणारा हा माणूस आता पाहुणे आले की आतल्या खोलीचे दार लावून घेतो. परवा दाराआडूनच मला म्हणाला, "तू माझ्यासारखं करून घेऊ नकोस रे." मला त्याच्यासारखे व्हायचे नाही, महोदय. मला त्याची फार भीती वाटते.

६. रजेचा नियम असा की, आधी ठरवलेल्या शस्त्रक्रियेसाठी लगतचे तीस दिवस हजेरी हवी. तातडीची असेल तर हजेरीची अट नाही. आपल्या वैद्यकीय सल्लागारांनी मला न तपासता सुचवले आहे की, मी प्रकरण तातडीचे होऊ द्यावे. म्हणजे पुन्हा पू साठावा, ताप भरावा, वाटेला फाटे फुटावेत. फाटे फुटले की स्नायू वाचवणारे उपाय अवघड होतात. बसलो तर मरण, उभा राहिलो तर गैरहजर, वाट पाहिली तर भावाच्या शेजारची खोली.

७. तरीही नियमाचा मान राखून मागील सोमवारी मी खुर्चीत बसलो. पहिल्या फेरीत हजर, दुसऱ्या फेरीत हजर. तिसऱ्या फेरीआधी मला हुडहुडी भरली आणि खुर्ची खराब झाली. ती मी स्वतः धुतली. घरी बायको एवढेच म्हणाली, "असे अजून एकोणतीस दिवस बसणार आहात का?" शल्यचिकित्सकांनी तपासून सांगितले की फाटा अजून फुटलेला नाही, परंतु गुरुवार चुकवू नये.

सबब, उभ्याने केलेल्या कामाचे एकेचाळीस दिवस हजेरीत धरून बुधवार संपण्याआधी रजा मंजूर करावी. तसे न झाल्यास विनापरवाना गैरहजेरीने सेवेत खंड पडतो, हे मला पाठ आहे.

मंजुरी मिळो न मिळो, गुरुवारी सकाळी आठ वाजता मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवा असेन. त्या दिवशी हजेरी कारकुनांनी माझ्या नावापुढे खुशाल गैरहजर लिहावे. इतक्या दिवसांतली ती गैरहजेरीची पहिली खरी नोंद असेल, आणि तिच्याविरुद्ध मी अर्ज करणार नाही.

आपला नम्र,
(सही)
पडताळणी लिपिक, टेबल क्रमांक सात

दिनांक : सोमवार, सकाळची फेरी होण्यापूर्वी

सोबत : १) शल्यचिकित्सकांचे पत्र. २) एमआरआय अहवालाची प्रत. ३) मी मला भेटू न शकल्याच्या चिठ्ठ्या. ४) गुरुवारच्या गैरहजेरीचा खुलासा, आगाऊ.