दंडारीतली राणी

मार्गशीर्ष, १९५४. गुरुवार, दिवेलागण.

जीव भांड्यात पडला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या नाटकात मी राणीचं काम केलं, तेव्हापासून गावात मला कोणी नावाने हाक मारत नाही. 'रानीबाई, बैल जुपले काय?' एक रात्र लुगडं नेसलो, तर कायमचा बाई ठरलो?

आज नागभीडहून मुलीचे वडील मला पाहायला आले. काकाने बजावलं होतं, दंडारीचं नाव काढायचं नाही. पण मिशी? कामासाठी काढलेली मिशी अजून पुरती आलेली नाही. पाहुणे तिच्याकडेच पाहत होते.

"दंडारीतली रानी तुम्हीच नाई का?"

काका खोकला. मी 'हो' म्हणालो. सोयरीक मोडली, असंच वाटलं.

"राजा सोडून गेला तवा रडले, ते शिकवलं होतं का?"

"बोलणं शिकवलं होतं. रडू माझं मलाच आलं."

"माही पोरगीबी तिथं दंडार पाहून रडून राह्यली होती. म्हणे, 'बाबा, बाईचं दुःख याले समजते. नाई म्हनू नोका.'"

म्हणजे मिशीकडे पाहत होते ते ओळख पटवायला! आणि मी उगाच...

उठताना म्हणाले, "बुधवारी या पोरगी पाहाले. पन लुगडं नेसून येऊ नोका भाऊ, पुन्हा रडन माही पोर."

सर्वांत मोठ्याने मीच हसलो.