कपाटातली सतरा पुस्तकं

मी, रामराव तुळशीराम इंगोले, वय ७६, निवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. चार वर्षांपूर्वी ते ठिकाणावर नव्हतं.

१. राहतं घर माझ्या पश्चात पत्नी पंचफुला हिच्या एकटीच्या मालकीचं राहील. मुलगा गणेश याने ते विकण्यासाठी तिच्या मागे लागू नये. भिंतीचा लोखंडी कठडा काढू नये, तो धरूनच ती न्हाणीत जाते.

२. स्वकष्टाचं साडेतीन एकर शेत गणेशला. मुद्गलांची जोडी आणि शिट्टी गावच्या व्यायामशाळेला.

३. कपाटात शरीराची हालचाल, ताकद आणि सांधे यांवरची सतरा पुस्तकं आहेत. त्यांची यादी मी दरवर्षी शाळेच्या फलकावर 'अवश्य वाचा' म्हणून लावत असे. ती अमरावतीच्या एका शिबिरात उतरवून आणलेली. पुस्तकं पगारातून घेतली, कव्हरं घातली, वाचलं एकही नाही. कोणी कंबर धरून आलं की म्हणायचो, सात नंबरचं वाच.

शांतीलाल शेठ एकदा दुकानात चारचौघांत म्हणाले, "मास्तर, नुसती कव्हरंच घालता का आतबी पाहता?" मी वीस वर्षं त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नाही. ते खरं बोलले होते.

२०२१ साली पंचफुला खळ्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लगेच उभं करायला सांगितलं. मी घरी आणून पाच महिने तिला निजवून ठेवलं. ती म्हणायची, "मले उभं तं करून पाहा." मी म्हणायचो, "मी पीटीचा मास्तर आहो. तुले काय समजते?" नंतर उभं केलं तर पाय तिचं ऐकेनात.

मागच्या वर्षी नात निकिता हिने बारा नंबरचं पुस्तक काढलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती. तिने मोठ्याने वाचलं: म्हाताऱ्या माणसाला लवकर उभं करावं, पडून राहिल्याने ताकद जाते. पंचफुलाची खाट पाच महिने त्याच कपाटाला लागून होती. मला तिच्याकडे बघायची लाज वाटली, आजही वाटते.

सगळी पुस्तकं निकिताला. कपाटात ठेवलेल्या त्या यादीखाली मी आज 'लिहिणाऱ्याने वाचलेली नाहीत' असं लिहिलं आहे. ते खोडू नये.

४. निकिताने रोज मेहनत करून घेतली, म्हणून पंचफुला आता वॉकर घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जाते. मी कधी सोबत गेलो नाही, लोक बघतील म्हणून. मला नेताना पारापर्यंत ती पुढे चालेल. सर्वांनी तिच्या चालीने चालावं. ती थांबली की तिरडी खांद्यावर घेऊन उभं राहावं. खांदे दुखले तर दुखू द्यावेत.

हे कलम वाचून दाखवलं तेव्हा पंचफुला म्हणाली, "मेल्यावर कायले? आज चला ना."

साक्षीदारांना ओसरीवर बसवून आम्ही दोघं पारापर्यंत जाऊन आलो. पाऊण तास लागला. त्यानंतर त्यांच्यासमोर सही केली.

सही: रामराव तुळशीराम इंगोले
साक्षीदार: १) शांतीलाल जैन, दुकानदार २) भाऊसिंग राठोड, शेजारी
आसेगाव, दि. १४ नोव्हेंबर २०२५