कारध्याच्या घरातली निळी पट्टी

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी आता कुठे स्वतःचं घर शोधते आहे. हल्ली घरं आधी मोबाईलवर पाहतात. विकणारा फोटो टाकतो, आपण बोटाने एकेक खोली सरकवत जायची. पवनीच्या भाड्याच्या खोलीत बसून मी महिनाभर तेच करत होते. मग कारध्याचं एक घर आलं आणि बोट थांबलं. बैठकीच्या भिंतीला जमिनीपासून वर निळ्या ऑइल पेंटची पट्टी, वरच्या काठाला करंगळीएवढी पिवळी रेघ. रंगकामातून उरलेल्या अशाच निळ्या रंगाने तुम्ही माझी शाळेची लोखंडी पेटी रंगवली होती, अशीच पिवळी रेघ ओढून. ती पेटी अजून माझ्या खाटेखाली आहे. तुमच्या हातची भिंत विकायला निघाली आहे, एवढंच मला दिसलं. किती खोल्या, विहीर आहे की नळ, काही वाचलं नाही. मनात मी ते घर घेऊनच टाकलं.

रविवारी गेले. घरात एक म्हातारी एकटीच. फोटो तिच्या मुलाने टाकलेले. मी सरळ त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. रंगाचे पोपडे निघाले होते, पण रेघ सरळ होती. मी म्हटलं, काम छान आहे. ती हसली.

"फोटोत लय छान दिसते ना? पोरगा म्हणते, पाण्याचं काही सांगू नको. पण तुम्ही एवढ्या दुरून पाहाले आल्या, आता कायले लपवू?" तिने पिवळ्या रेघेवर हात ठेवला. "मोठा पूर आला का इथवर पाणी येते, बाई. लोकाइच्या घरी पट्टी कमरेपर्यंत, इथं छातीपर्यंत. आमाले वाटलं, पहिला मालक शौकीन असंल! रंगाखाली पुराचा डाग होता. रंगाऱ्यानं बरोबर झाकला."

मी विचारलं, रंगाऱ्याला माहीत होतं?

"डाग त्यानंच घासला, तर त्याले माहीत नसंल? आमच्या घरचे गेले होते त्याच्या घरी, पहिल्या पुरानंतर. पोरगी दारात आली. म्हणे, बाबा तुमसरले गेले." ती पुन्हा हसली. "अजून आला नाही वाटते तुमसरहून!"

बाबा, ती पोरगी मी. तो माणूस मला आठवतो. सायकल धरून उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. तुम्ही स्वयंपाकघरात ताटावर बसला होता. हळूच म्हणालात, "जाय, सांग, तुमसरले गेले म्हणून." मी सांगितलं. तो म्हणाला, "बाबाले सांगजो पोरी, पाणी कुठवर आलं ते एकडाव येऊन पाहा म्हणा." मी आत येऊन विचारलं, कोणतं पाणी? तुम्ही भात कालवत होता. "तुले काय करायचं?" असे ओरडलात की आईच्या हातून पळी पडली. त्याआधी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मला वाटलं, माझंच काही चुकलं. पुढे कितीतरी दिवस मी तुमच्या मागेपुढे करत होते, तुम्ही पुन्हा नीट बोलावं म्हणून.

घर विकणाऱ्या पहिल्या मालकाने सांगितलं, तुम्ही रंग मारला. हे मी समजू शकते. कामाची गरज होती. पण दारात मला कशाला पाठवलं? तुम्ही स्वतः जाऊन खोटं बोलला असता, तर ते तुमचं राहिलं असतं. मी सातवीत होते. तुमचं वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं आणि त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला.

घर मी घेणार नाही. म्हातारीने चहा ठेवला. ती पट्टी तिच्या नवऱ्याने कधी बदलू दिली नाही म्हणे, पाणी कुठवर येतं ते ध्यानात राहावं म्हणून. निघताना तिने विचारलं, "तुमचे वडील काय करत होते, बाई?"

हे पत्र द्यायला तुम्ही कुठेच नाही, म्हणून वहीतच लिहिते. मी तिला शेती सांगितली.